अनारसा का हसतो?
पाककृतींच्या देवघेवीविषयी दोन शब्द

हळदीकुंकवाच्या निमित्ताने चार घरच्या गृहिणी एकत्र जमल्या, की प्रथम मुलाबाळांची विचारपूस होते, मग सोन्याच्या भावाचा विषय निघतो आणि अखेर गाडी हमखास स्वयंपाकघराकडे वळते. हातातील खिरापतीची चव घेत कोणीतरी विचारते, “हे कसं केलंत हो?” उत्तरही ठरलेलेच असते : “काही विशेष नाही, नेहमीचंच!” आणखी थोडा आग्रह झाला म्हणजे कृती सांगण्यात येते. विचारणारी ती लक्षात ठेवते, अथवा हल्लीच्या रीतीस अनुसरून भ्रमणध्वनीत टिपून घेते. आठ दिवसांनी तिच्या घरी तोच पदार्थ केला जातो, आणि तो साधत नाही! मग ती मनाशी म्हणते, “त्यांच्या हाताला चव आहे, आपल्या हाताला नाही.”

हाताची चव म्हणजे काय, ह्याविषयी आम्ही बराच विचार केला आहे. आमच्या मते हाताची चव म्हणून आपण ज्यास म्हणतो तिचा मोठा भाग सांगता येण्याजोगा असतो. तो फक्त सांगितला जात नाही. हे आमचे म्हणणे एका पदार्थाच्या आधारे वाचक भगिनींपुढे मांडावे, असा हा अल्पसा प्रयत्न आहे. तो पदार्थ म्हणजे अनारसा.

अनारशाची निवड आम्ही मुद्दामच केली आहे. अधिक मासात जावयास तेहतीस अनारशांचे वाण देण्याची चाल आपल्याकडे आहे. दिवाळीच्या फराळातही अनारशास मान आहे. साहित्य पाहावे तर तांदूळ, गूळ, खसखस आणि तूप एवढेच; त्यांत दुर्मिळ असे काहीच नाही. तरीही अनेक निष्णात सुगरणी ह्या पदार्थास बिचकतात, कारण तुपात सोडताच तो कधीकधी विरघळून पसरतो, त्याचा चुरा होऊन कढईभर होतो. ह्या फजितीस आपल्या भाषेत फार मार्मिक शब्द आहे : अनारसा हसला. आणि तो हसला म्हणजे बहुधा घरही हसते. कोणाला, हे सांगावयास नकोच.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबात २०२३ च्या अधिक श्रावणात असेच घडले. त्या घरी अनारसे करीत त्या थोरल्या काकू. वय ऐंशीच्या पुढे. गुडघ्यांमुळे ओट्यापाशी उभे राहणे होत नसे, दृष्टीही अधू झालेली. घरच्या सूनबाई नोकरी करणाऱ्या, हौशी आणि पाठांतराच्या पक्क्या. त्यांनी काकूंच्या शेजारी बसून कृती उतरवून घेतली. ती अशी : तांदूळ तीन दिवस भिजवावे, रोज पाणी बदलावे, चौथ्या दिवशी वाळवून कुटावे, पिठी चाळून वाटीस वाटी गूळ घालावा, गोळा आठवडाभर ठेवावा आणि खसखशीवर थापून तुपात तळावा. ह्यात एकही शब्द खोटा नव्हता.

पहिल्या खेपेस सूनबाईंनी तांदूळ वाळवावयाचे म्हणून रात्रभर पंख्याखाली पसरून ठेवले. पिठी कोरडी ठक्क झाली. गूळ तिच्यात मिसळेना. म्हणून दुधाचे हबके मारून गोळा केला. तो अनारसा कढईत गेला आणि हसला. दुसऱ्या खेपेस त्यांनी तांदूळ थोडाच वेळ पसरले, पिठी चांगली उतरली. परंतु गूळ किसून वाटीत दाबदाबून भरला. तो अनारसाही हसला. जेवणाच्या वेळी कोणीतरी थट्टेने म्हणाले, “आपल्याकडचे अनारसे आता काकूंबरोबरच संपायचे!” बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते, परंतु सूनबाई पानावरून लवकर उठल्या, आणि काकूंचाही घास हातातच राहिला, असे आम्हांस मागाहून कळले.

तिसऱ्या खेपेस काकूंनी स्वयंपाकघरात खुर्ची मांडावयास सांगितली. सूनबाईंनी पिठीचे ताट पुढे केले. काकूंनी त्यात हात घातला, मूठ आवळली, उघडली आणि तळहातावरचा मुटका बोटाने हलकेच ढोसला.

“हं, आता ही बरोबर आहे. मूठ आवळली की मुटका राहिला पाहिजे आणि बोट लावलं की फुटला पाहिजे.”

“काकू, हे तुम्ही सांगितलंच नव्हतंत!”

“अगं, हे काय सांगायचं असतं? हात घातला की कळतंच ते.”

भगिनींनो, आमच्या ह्या लेखाचे सार काकूंच्या ह्या एका वाक्यात आहे. साठ वर्षे जी गोष्ट हातास कळत आली, ती शब्दांत सांगावयाची असते हेच त्या माउलीच्या मनात कधी आले नाही. तिने काही लपविले नव्हते. आपणांस काय ठाऊक आहे, हेच तिला ठाऊक नव्हते!

त्या दिवशी सूनबाईंनी प्रत्येक पायरीस “का?” म्हणून विचारले आणि काकूंनी आठवून आठवून उत्तरे दिली. त्यांतील जी सर्वांच्या उपयोगी पडतील ती, आमची थोडी भर घालून, येथे देत आहो.

तांदूळ तीन दिवस का भिजवावयाचे? दाणा पुरता भिजून ठिसूळ होतो, त्यामुळे पिठी मऊ पडते. शिवाय ह्या काळात तो किंचित आंबतो व अनारशास त्याची विशिष्ट चव येते. पाणी रोज बदलावयाचे, ते आंबणे कुजण्यावर जाऊ नये म्हणून. तांदूळ जुना घ्यावा. नवा, चिकट तांदूळ ह्या कामी उपयोगी नाही.

“वाळवणे” ह्या शब्दाने सूनबाईंचा घात केला. येथे वाळवणे म्हणजे तांदूळ निथळून सावलीत स्वच्छ पंचावर पसरावयाचे, ते वरचे पाणी टिपले जाईपर्यंतच. आतील ओल राहिलीच पाहिजे. कारण अनारशाच्या गोळ्यात वरून पाणी घालीत नाहीत. पिठीत जी ओल असते तिच्यातच गूळ विरघळावयाचा असतो. ओल नसेल तर गूळ विरघळणार नाही. दूध घालून तो विरघळविला तर गोळा सैल होणार. मिक्सरवर दळताना भांडे तापते व पिठी सुकते, म्हणून थोडे थोडे तांदूळ घालून, मध्ये थांबून दळावे आणि बारीक चाळणीने चाळून पिठी झाकून ठेवावी.

गोळा पाचसहा दिवस का ठेवावयाचा? एवढ्या अवधीत गूळ पिठीच्या कणाकणांत मुरतो व गोळा आपोआप मऊ होतो. घाईने त्याच दिवशी तळावयास घेतल्यास गूळ ठिकठिकाणी राहतो, आणि जेथे तो अधिक तेथे अनारसा फुटतो.

अनारसा हसतो तो बहुधा गूळ अधिक झाल्यामुळे. कढत तुपात गूळ पातळ होतो; पिठी पुरेशी असेल तर ती त्यास धरून ठेवते व मध्ये सुंदर जाळी पडते, पुरेशी नसेल तर सगळेच विस्कटते. उपाय सोपा आहे. तशीच ओलसर पिठी थोडी राखून ठेवावी, अनारसा हसू लागल्यास गोळ्यात मिसळावी, एक दिवस मुरू द्यावे आणि पुन्हा एकच अनारसा तळून पाहावा. उलट गोळा घट्ट असून अनारसा पसरत नसेल व जाळी पडत नसेल, तर दुधाचे दोनचार थेंब अथवा पिकल्या केळ्याचा लहानसा तुकडा मळून घालावा.

खसखस वरच्या बाजूस का ठेवावयाची आणि अनारसा उलटावयाचा का नाही? खसखस खाली गेली तर सुटून तुपात जळते, आणि उलटल्याने वर पडलेली जाळी बुजते. म्हणून मंद आचेवर, एका वेळी एकच अनारसा सोडून, झाऱ्याने वर तूप उडवीत तळावा. तूप पुरेसे तापले आहे की नाही, ह्याची खूण : गोळ्याचा कणभर तुकडा टाकला असता तो तळाशी बसून न राहता सावकाश वर यावा. तूप निवत असेल तर अनारसा तूप पितो, अति तापले तर बाहेरून करपून आत कच्चा राहतो.

आता मापाविषयी. काकूंच्या “वाटीस वाटी” ह्या बोलण्याने जो घोटाळा केला तो आपल्याकडे जुनाच आहे. पूर्वी घरोघर धान्य मापाने भरीत : दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. गूळ आणि तूप मात्र तोलून घेत. शेर हा शब्द मापासही होता आणि वजनासही होता. शिवाय गावोगाव तो निरनिराळा असे. तेव्हा आजीच्या वहीत “शेरास शेर” असे आढळले तर तो कोणता शेर, हे तिने सांगितल्यावाचून कळावे कसे? १९५६ च्या कायद्याने दशमान वजने व मापे आली आणि हा गोंधळ बाजारातून गेला. स्वयंपाकघरातून मात्र तो अद्याप गेलेला नाही. हलक्या हाताने भरलेली पिठीची वाटी आणि दाबून भरलेली गुळाची वाटी ह्यांच्या वजनांत पुष्कळ फरक पडतो. काकूंची गुळाची वाटी कधीच दाबून भरलेली नसे. म्हणून अनारशाच्या पिठीस गूळ घालावयाचा तो तोलून, वजनास वजन, आणि गूळ फार गोड वा चिकट असेल तर किंचित कमीच.

आपल्या भाषेतील पाकशास्त्रावरील पुस्तकांचा प्रवासही हेच सांगतो. रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचे “सूपशास्त्र” १८७५ साली निघाले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांनी “गृहिणीमित्र” ह्या ग्रंथात एक हजार पाकक्रिया एकत्र केल्या. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले ह्यांच्या “रुचिरा”ने वाटी आणि चमचा ही घरातली मापे धरून कृती सांगितल्या, आणि कित्येक नवविवाहित मुली त्या पुस्तकाच्या आधारे परगावी, परमुलखी संसारास लागल्या. जी गोष्ट घरच्या वडीलधाऱ्या स्त्रीने शेजारी उभे राहून दाखवावयाची, ती दूर असणाऱ्या मुलीस कागदावरून कळावी, ह्यासाठीच हा सारा खटाटोप होता.

केवळ प्रमाण देऊन मात्र भागत नाही; जिन्नस कोणता हेही सांगितले पाहिजे. काही उदाहरणे देतो.

तिळगुळाचे मऊ लाडू करावयाचे असतील तर साधा गूळ घ्यावा. चिक्कीचा गूळ घेतल्यास लाडू दगडासारखे होतात. दोन्ही गूळ दिसावयास सारखेच, आणि कृतीत नुसते “गूळ” एवढेच लिहिलेले असते! पाकाची खूणही सांगावी : वाटीभर पाण्यात थेंब टाकून त्याची मऊ गोळी झाली तर तो लाडवांचा पाक, गोळी कडक होऊन वाटीवर टण असा आवाज झाला तर तो चिक्कीचा.

उकडीच्या मोदकांस तांदूळ आंबेमोहोरासारखा सुवासिक व थोडा चिकट हवा, म्हणजे पारी वळताना चिरत नाही. जो चिकटपणा अनारशात दोष ठरतो तोच येथे गुण ठरतो. १९८७ साली प्रसारित झालेला इंद्रायणी तांदूळ हा आंबेमोहोराच्याच संकरातून निघालेला असल्यामुळे पुष्कळ घरी मोदकांसाठी तोही वापरतात. ज्या मुलीस परदेशी हे तांदूळ मिळत नाहीत, तिला नुसते “तांदळाची पिठी” म्हणून सांगण्यात काय अर्थ? “चिकट तांदळाची पिठी, आणि ती चिकट हवी ती पारी चिरू नये म्हणून,” असे सांगितले तर ती तेथील बाजारात आपल्यापुरता मार्ग शोधू शकेल.

हिंगाची गोष्टही तशीच. आपण ज्यास हिंगपूड म्हणतो तीत बहुधा पीठ व डिंक मिसळलेले असतात; खडा हिंग त्याहून कितीतरी उग्र. “पाव चमचा हिंग” ह्या तीन शब्दांत एकीची आमटी फिकी होते आणि दुसरीची कडू. हा हिंग शतकानुशतके अफगाणिस्तान व इराण येथून येत असे. २०२० साली हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात त्याची रोपे लावण्याचा प्रयोग सुरू झाला आहे.

गोड्या मसाल्याविषयी तर लिहावे तितके थोडे. धने, जिरे, तीळ, खोबरे, दालचिनी, लवंग, तमालपत्र, दगडफूल, नागकेशर हे सर्व वेगवेगळे भाजावेत, असे सर्वच सांगतात; का, हे थोड्याच सांगतात. खोबरे आणि तीळ क्षणात करपतात, धन्यांस वेळ लागतो. सर्व एकत्र भाजले तर काही जळणार आणि काही कच्चे राहणार. दगडफूल नावाने फूल असले तरी ते फूल नव्हे. खडकांवर व झाडांच्या सालींवर वाढणारे ते बुरशी व शैवाल ह्यांचे सहजीवन आहे. कच्चे असताना त्यास मातकट वास येतो; थोड्या तेलावर परतल्यावरच त्याचा खरा सुगंध सुटतो. मसाला “मातकट लागतो” अशी तक्रार असलेल्या भगिनींनी प्रथम दगडफुलाकडे पाहावे.

येथे एका नाजूक गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. कृती सांगताना एखादा जिन्नस मुद्दाम गाळण्याची, हातचे राखून सांगण्याची खोड काही ठिकाणी आढळते. तिची निंदा करणे सोपे आहे. परंतु न्यायाने पाहू गेल्यास तिचे कारणही समजून घेतले पाहिजे. ज्या स्त्रीच्या नावावर घर नव्हते, शेत नव्हते, तिजपाशी हातातील कसब एवढेच स्वतःचे धन होते. तिच्या चकल्यांची वाहवा होई तेवढाच तिचा मान. ते गुपितही वाटून टाकावे, अशी अपेक्षा तिजकडून कोणत्या तोंडाने करावयाची? ज्या घरी कृतीबरोबर ती देणारीचे नाव घेतले जाते, त्या घरी गुपिते फारशी राहत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. “ही आमच्या आत्याबाईंची चकली” असे चारचौघांत म्हटले गेले, की आत्याबाई मोहन किती कढत घालावयाचे हेही सांगून टाकतात.

हातचे राखल्याने देणारीचे तात्पुरते रक्षण होत असेल. परंतु त्याची किंमत दुसरीच कोणी भरते. एखादी नवी मुलगी परक्या घरी येते, सांगितल्याबरहुकूम सर्व करते, पदार्थ बिघडतो आणि दोष तिच्या हातास लागतो. असे दोनचार वेळा झाले म्हणजे ती तो पदार्थ करणेच सोडते. घरातील एक पदार्थ नाहीसा होतो तो असा, कोणाच्याही लक्षात न येता. मग आपण म्हणतो, “हल्लीच्या मुलींना आवड नाही!” आवड होती, फक्त पिठीची मूठ कशी राहिली पाहिजे, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

म्हणून आमची भगिनींस विनंती आहे, की कृती देताना पाच गोष्टी अवश्य द्याव्या : जिन्नस कोणत्या जातीचा, त्याचे वजन किती, प्रत्येक पायरी साधल्याची खूण काय, ती पायरी का करावयाची, आणि बिघडल्यास उपाय काय. कृती घेणारीनेही नुसते “किती?” असे न विचारता “का?” आणि “कसे ओळखावे?” असे विचारावे. घरात वडीलधारे माणूस असेल तर त्याच्याकडून कृती बसून लिहून घेऊ नये. त्यास स्वयंपाकघरात खुर्ची द्यावी, त्याचा हात पिठात घालावा, आणि तो हात काय करतो ते पाहून लिहावे. चलच्चित्र घेण्याची सोय आज घरोघर आहे. तिचाही उपयोग करावा. परंतु चित्रात ओल दिसत नाही. तिच्यासाठी शब्दच हवेत.

आमच्या परिचयाच्या त्या घरी तिसऱ्या खेपेचे अनारसे साधले. पहिलाच कढईत सोडला तेव्हा सर्वजण श्वास रोखून उभे होते. तो हळूहळू पसरला, वर जाळी धरली आणि तांबूस होऊन अखंड बाहेर आला. काकूंना नीट दिसत नव्हते. त्यांनी नुसते विचारले, “हसला का गं?” सूनबाई म्हणाल्या, “नाही काकू, आज आपणच हसायचं.”

त्या घरच्या वहीत आता अनारशाच्या कृतीस दोन पाने झाली आहेत. पूर्वी ती पाच ओळींची होती. दुसऱ्या पानाच्या माथ्यावर “काकूंच्या हाताच्या खुणा” असे लिहिले आहे. २०२३ च्या अधिक श्रावणानंतरचा अधिक मास २०२६ सालचा, ज्येष्ठाचा. तेहतीस महिन्यांच्या सुमारास एकदा येणाऱ्या ह्या मासात किती घरी अनारसे होतात आणि किती घरी ते विकत आणले जातात, ह्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. तो ठेवण्याची आवश्यकताही नाही. ज्या घरी एखादी काकू, आजी वा आत्याबाई अद्याप आहे, त्या घरच्या वहीत हे दुसरे पान लिहिले गेले आहे किंवा नाही, एवढे प्रत्येक भगिनीने आज आपल्यापुरते पाहावे.